आकाशाची मोजणी : हैदराबाद संस्थानातील एका विस्मृत सर्वेक्षणाची कथा

१.
‘एलिट डेंजरस’ हा अंतराळाचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये प्रकाशित झाला. त्यात आपली अख्खी आकाशगंगा उभी केली आहे. सुमारे ४० हजार कोटी तारकासंस्था, आणि त्यांपैकी एक टक्काही खेळाडूंनी अद्याप पाहिलेल्या नाहीत. एखाद्या ताऱ्याजवळ जो खेळाडू सर्वांत आधी पोहोचतो, त्याचे नाव त्या ताऱ्याच्या नोंदीवर ‘प्रथम शोधक’ म्हणून कायमचे कोरले जाते. या एका ओळीसाठी हजारो खेळाडू महिनोन्‌महिने निर्मनुष्य प्रदेशात भटकत असतात.

२.
या खेळातील शोधाची रीत तीन पायऱ्यांची आहे. नव्या तारकासंस्थेत शिरताच यानातून एक स्पंद सोडायचा. त्याचा आवाज भोंग्यासारखा असतो आणि त्यातून तेथे किती पिंड आहेत, एवढेच कळते. मग वर्णपटाचा काटा फिरवत एकेका पिंडाचा संकेत जुळवायचा. वायूचा गोळा एका वारंवारितेवर सापडतो, खडकाळ ग्रह दुसऱ्या. शेवटी ग्रहाभोवती छोटे शोधक सोडून त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा पूर्ण करायचा.

३.
परंतु या खेळाचा सर्वांत कठोर नियम वेगळाच आहे. जमवलेली माहिती स्थानकावर परत आणून विकली, तरच ती नोंदली जाते. परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले, तर सारी नोंद त्याच्यासोबत जाते. शोधकाने काय पाहिले, याला मग काही अर्थ उरत नाही. शोध पूर्ण होतो तो पाहिल्यावर नव्हे, नोंद घरी पोहोचल्यावर.

४.
हा नियम खेळ रचणाऱ्यांनी मनोरंजनासाठी घातला असेल. परंतु आकाशाच्या खऱ्या सर्वेक्षणाचा इतिहास तंतोतंत याच नियमाने चालला आहे. त्या इतिहासातील एक मोठे प्रकरण मराठवाड्याच्या अगदी जवळचे आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्याचे राणीसावरगाव १९४८ पर्यंत ज्या संस्थानात होते, त्याच हैदराबाद संस्थानाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाशाचे दोन पट्टे ताऱ्यागणिक मोजून काढले. मराठवाड्यात ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

५.
आरंभ पॅरिसमध्ये झाला. १८८२ च्या धूमकेतूचे छायाचित्र केप ऑफ गुड होप येथे डेव्हिड गिल यांनी घेतले, तेव्हा धूमकेतूच्या मागे असंख्य तारे उमटलेले दिसले. डोळ्याने एकेक तारा टिपण्याऐवजी काचेवर आकाशाचा तुकडाच उतरवता येईल, हे खगोलशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. पॅरिस वेधशाळेचे संचालक अर्नेस्ट मूशे यांनी १८८७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि तीत संपूर्ण आकाशाचे छायाचित्रण करण्याची योजना ठरली. तिचे फ्रेंच नाव ‘कार्त द्यु सिएल’, म्हणजे आकाशाचा नकाशा.

६.
योजनेचे दोन भाग होते. अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची स्थानसूची, आणि चौदाव्या प्रतीपर्यंतचा नकाशा. नुसत्या डोळ्याला साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. अकराव्या प्रतीचा तारा त्याहून शंभर पटींनी मंद असतो. गावांची मोजणी शिवारे पाडून करतात, तसे आकाशाचे उत्तर-दक्षिण पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून देण्यात आले. सर्वांसाठी प्रमाण एकच : काचेवरचा १ मिलिमीटर म्हणजे आकाशातील १ कला, अर्थात अंशाचा साठावा भाग.

७.
हैदराबाद या योजनेत उशिरा आले. १९०१ मध्ये नवाब जफर जंग या हौशी उमरावाने इंग्लंडहून १५ इंची ग्रब दुर्बीण मिळवून शहरालगतच्या फिसलबंडा येथे स्वतःची वेधशाळा उभारली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नावाला जोडून ती ‘निजामिया’ म्हणवली जावी आणि आपल्या पश्चात सरकारने ती चालवावी, अशी त्यांची इच्छा होती. १९०७ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी संस्थानाने वेधशाळा ताब्यात घेतली.

८.
पहिले संचालक आर्थर चॅटवुड यांनी वेधशाळा बेगमपेठेला हलवली आणि तेथे आकाश-छायाचित्रणासाठीची ८ इंची कुक दुर्बीण बसवली. दरम्यान पॅरिसच्या योजनेतील एक पट्टा अनाथ पडला होता. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा हा भाग मूळ वाटणीत चिलीतील सांतियागोकडे होता, परंतु तेथून काम झाले नाही. तो पट्टा हैदराबादने स्वीकारला. युरोपातील वेधशाळा १८९० च्या दशकात कामाला लागल्या होत्या. हैदराबादच्या प्लेटा १९१४ पासून घेतल्या जाऊ लागल्या.

९.
हा पट्टा राणीसावरगावातून कोठे दिसतो? गाव सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे पट्टा मध्यावर येतो तेव्हा दक्षिण क्षितिजापासून साधारण ५१ अंश उंचीवर असतो, म्हणजे क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या मध्याहून किंचित वर. ज्येष्ठ-आषाढात ढगांनी वाट दिली, तर पहिल्या प्रहरी अनुराधा नक्षत्र तेथे दिसते. अनुराधेतील दोन ठळक तारे याच पट्ट्यात येतात. मृगाच्या पायाशी असणाऱ्या शशक तारकासमूहाचे मुख्य तारेही याच पट्ट्यातले.

१०.
एक प्लेट घेणे म्हणजे काय, हे समजून घेण्याजोगे आहे. प्रत्येक प्लेटवर २ अंश लांब आणि २ अंश रुंद असा आकाशाचा चौकोन उमटे. पृथ्वी फिरत असल्याने तारे सरकतात. म्हणून एका मार्गदर्शक ताऱ्यावर नजर खिळवून दुर्बीण सतत त्याच्यासोबत फिरवत राहावी लागे. मूळ योजनेनुसार एकाच प्लेटवर किंचित जागा बदलून तीन वेळा प्रकाश घेतला जाई : सुमारे ६ मिनिटे, ३ मिनिटे आणि २० सेकंद. तेजस्वी तारा तिन्हींत उमटे, काचेवरची धूळ मात्र एकदाच दिसे. खरा संकेत आणि कचरा वेगळा करण्याची ही साधी, परंतु चोख युक्ती होती.

११.
अशा हजाराहून अधिक प्लेटांनी दक्षिणेचा पट्टा झाकायचा होता. शेजारच्या प्लेटा एकमेकींवर येतील अशी मांडणी होती, जेणेकरून प्रत्येक तारा किमान दोन प्लेटांवर यावा. पावसाळ्याचे महिने बहुतांशी वाया जात. आणि प्लेट धुऊन वाळवली, म्हणजे काम संपले असे मुळीच नव्हते. खेळातला खेळाडू जेथे थांबतो, तेथून वेधशाळेचे खरे कष्ट सुरू होत.

१२.
प्रत्येक प्लेटवर दर ५ मिलिमीटरला आडव्या-उभ्या रेषांची बारीक जाळी उमटवलेली असे. मोजणारा माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसे आणि प्रत्येक काळ्या ठिपक्याचे जवळच्या दोन रेषांपासूनचे अंतर वाचे. छायाचित्राच्या उलट प्रतीत तारे काळे दिसतात. एक ठिपका, दोन आकडे आणि तेजाचा अंदाज. मग पुढचा ठिपका. त्यानंतर आधीच अचूक स्थान ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी ताडून त्या प्लेटचे गणित बसवायचे. शेतमोजणीत ठरलेल्या हद्दीच्या दगडापासून साखळी टाकत जावे, तसे हे काम.

१३.
चॅटवुडनंतर १९१४ मध्ये ऑक्सफर्डच्या परंपरेतले रॉबर्ट पोकॉक संचालक झाले. ते १९१८ मध्ये अकाली वारले. त्यानंतर टी. पी. भास्करन यांनी सूत्रे घेतली आणि १९४४ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, हे काम नेटाने चालवले. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली. १९२९ पर्यंत दक्षिणेच्या पट्ट्याच्या प्लेटा पूर्ण झाल्या. सुमारे २ लाख ९० हजार तारे त्यातून नोंदले गेले. मग जर्मनीतील पॉट्सडॅमच्या वाट्याचा, उत्तरेकडील ३६ ते ३९ अंशांचा भागही हैदराबादने उचलला. १९२८ ते १९३८ या काळात त्यातून आणखी सुमारे दीड लाख तारे नोंदले गेले. या साऱ्याचे १२ खंड छापले गेले.

१४.
या खंडांतील एका ओळीत असते काय? ताऱ्याचा क्रमांक, त्याचे तेज, दोन अंतरे. ज्याच्या डोळ्याने ती अंतरे वाचली, त्याचे नाव ओळीत नसते. हे एकट्या हैदराबादपुरते खरे नाही. व्हॅटिकनच्या वाट्याच्या पट्ट्यासाठी १९१० ते १९२१ या काळात चार जोगिणींनी ४,८१,२१५ तारे मोजले : एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोंबो, कोन्चेत्ता फिनार्दी आणि लुइजिया पांचेरी. त्यांची नावे जगापुढे आली ती २०१६ मध्ये, वेधशाळेच्या कागदपत्रांतून. खेळात एका ताऱ्यासाठी एक नाव कोरले जाते. येथे लाखो ताऱ्यांमागे असलेली नावे शतकभर पेटीत बंद होती.

१५.
मराठवाड्याच्या दृष्टीने या कथेला आणखी एक बाजू आहे. परभणीसारख्या जिल्ह्यांचा शेतसारा ज्या तिजोरीत जाई, त्याच तिजोरीवर १९०८ नंतर ही वेधशाळा चालली. त्याच संस्थानात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. रयतेची बहुसंख्या मात्र तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. नक्षत्रे पाहून पेरणी करणाऱ्या कुणब्याला आपल्याच राज्यात आकाशाची अशी मोजणी चालू आहे, हे कळण्याची वाट नव्हती. ज्ञान त्याच्या पैशावर निर्माण झाले, परंतु त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत आले नाही.

१६.
१७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या इतिहासलेखनात निजामी राजवटीची ओळख मुख्यतः रझाकार आणि मुक्तिसंग्राम यांतून झाली. तो लढा खरा होता आणि त्याची स्मृती रास्तच आहे. परंतु त्यामुळे वेधशाळेची गोष्ट कोणाचीच उरली नाही. निजामाचे गुणगान करणाऱ्यांना ती आपल्या सोयीची वाटते, निषेध करणाऱ्यांना गैरसोयीची. प्रत्यक्षात ती रात्री जागणाऱ्या निरीक्षकांची, आकडे वाचणाऱ्या मोजणीदारांची आणि सारा भरणाऱ्या रयतेची आहे. राजवटीविषयीचे मत काहीही असो, या तिघांचा त्यावरील हक्क बुडत नाही.

१७.
जगभरातही या योजनेचे फारसे कौतुक उरले नव्हते. नकाशाचा भाग कधीच पूर्ण झाला नाही. दरम्यान खगोलशास्त्र पुढे निघून गेले. ताऱ्यांचा प्रकाश विभागून त्यांची घटकद्रव्ये शोधण्यात आणि दूरच्या दीर्घिकांचे वेग मोजण्यात नवी पिढी रमली. ठिपक्यांची अंतरे वाचत बसलेल्या वेधशाळांनी आपली उमेदीची दशके एका जुनाट कामात घालवली, अशी टीका होऊ लागली. एकूण सुमारे ४६ लाख ताऱ्यांची ही सूची शेकडो खंडांत विखुरली आणि ग्रंथालयांत धूळ खात पडली. खेळाच्या भाषेत सांगायचे, तर यान परतले होते, परंतु माहिती उतरवून घेणारे स्थानकच नव्हते.

१८.
१९८९ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने हिप्पार्कस हा उपग्रह सोडला. १९९३ पर्यंत त्याने ताऱ्यांची स्थाने अभूतपूर्व अचूकतेने मोजली. मुख्य सूचीत १,१८,२१८ तारे आले, तर त्याच उपग्रहावरील दुसऱ्या उपकरणाने लाखो मंद तारे टिपले. मात्र एक अडचण होती. तारे स्थिर नसतात, अतिशय मंद गतीने सरकतात. ती गती काढायची, तर दोन स्थाने हवीत आणि त्यांमधला काळ जितका मोठा तितके बरे. उपग्रहाने पाहिले ते अवघी साडेतीन वर्षे.

१९.
हे आकड्यांत पाहू. अभिजित हा ठळक आणि जवळचा तारा. तो वर्षाला सुमारे एकतृतीयांश विकला सरकतो, म्हणजे शंभर वर्षांत ३५ विकला. हैदराबादच्या प्रमाणात काचेवर हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक होईल. परंतु अकराव्या प्रतीचा साधा तारा शतकात बहुधा एक-दोन विकलाच हलतो. काचेवर ते मिलिमीटरचे दोन-तीन शतांश. एवढीशी हालचाल साडेतीन वर्षांत नीट पकडणे अवघड. त्यासाठी शतकापूर्वीचे आकाश हवे, आणि गेलेले आकाश कोणतीही दुर्बीण पुन्हा पाहू शकत नाही.

२०.
ते आकाश जुन्या खंडांत होते. मॉस्कोच्या स्टर्नबर्ग संस्थेत या छापील खंडांतले आकडे संगणकात भरण्यात आले. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेने सर्व पट्टे नव्या गणिताने एकाच मापात बसवले. त्यांच्याशी उपग्रहाची स्थाने ताडून २००० साली ‘टायको-२’ ही सूची सिद्ध झाली. तीत सुमारे २५ लाख तारे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची गती ठरवताना सर्वांत जुना आधार होता तो याच मोजणीचा. जे काम जुनाट म्हणून हिणवले गेले, त्याचे मोल त्याच्या जुनेपणातच होते.

२१.
पुढे ‘गाया’ या उपग्रहाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांचे मापन करून या सूचीलाही मागे टाकले. त्यात वाईट काही नाही. प्रत्येक सर्वेक्षण पुढच्याची पायरी होते. ‘एलिट डेंजरस’मध्ये आपल्या सूर्याच्या आसपासचे बरेच तारे कल्पित नसून खऱ्या सूचींतून घेतले आहेत. नावाआधी ‘एचआयपी’ ही अक्षरे दिसली, की तो तारा हिप्पार्कसच्या सूचीतला समजावा. खेळाडू जेथून निघतो, तो परिचित प्रदेश अशा अनाम मोजणीदारांच्या पिढ्यांनी आखून ठेवलेला आहे.

२२.
हैदराबादची परंपरा पुढे जपाल-रंगापूर येथील ४८ इंची दुर्बिणीकडे गेली. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण तेथून अभ्यासले गेले. मराठी मुलखात आकाश-सर्वेक्षणाचे काम नव्या रूपात नारायणगावजवळच्या खोडद येथे उभे राहिले. ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणींनी २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झवर जवळजवळ ९० टक्के आकाश पिंजून काढले. पुढे अन्य संशोधकांनी त्याच नोंदींवर नव्याने प्रक्रिया केली आणि ६ लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची सिद्ध केली. नोंद जपली, तर तिच्याकडे पुन्हा जाता येते, याचा हा ताजा दाखला.

२३.
आणि आता ही परंपरा मराठवाड्यातच येत आहे. औंढा नागनाथ येथे ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहू गुरुत्वीय लहरी टिपतील, आणि त्या लहरी आकाशात नेमक्या कोठून आल्या, हे अधिक अचूक सांगता येईल. औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ पूर्वी तो भाग परभणी जिल्ह्यातच होता. या वेळी तरी त्या ज्ञानाची वार्ता येथील मुलांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचायला हवी.

२४.
भाद्रपदात पाऊस उघडलेल्या रात्री राणीसावरगावातून उत्तरेकडे मान उंच करून पाहिले, की सुमारे ७० अंशांवर एक निळसर-शुभ्र तेजस्वी तारा दिसतो. तो अभिजित. ३८ अंश उत्तरेला थोडे ओलांडून असलेला हा तारा हैदराबादने मोजलेल्या दुसऱ्या पट्ट्यात येतो. त्याच्या आजूबाजूला डोळ्यांना न दिसणारे हजारो तारे आहेत. १९३० च्या दशकात ते नेमके कोठे होते, हे आजही सांगता येते, कारण कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दोन आकडे वाचले आणि लिहून ठेवले. त्या ओळींवर प्रथम शोधकाचे नाव नाही. नोंद मात्र घरी पोहोचली.